चामड्याची वाटी, रबराची रिंग आणि न उठणारी केबिन



यंत्रांचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा यंत्र कोणी शोधलं आणि कधी शोधलं एवढंच सांगतो. ते बिघडलं तेव्हा लोकांनी काय केलं, हे सहसा कोणी सांगत नाही. आज आपण इतिहासाकडे बिघाडाच्या बाजूनं बघू. आपला नमुना आहे लष्कराच्या लिलावातून आलेला, आपल्या भाषेत 'डिस्पोजल'चा ट्रक. त्याचं इंजिन केबिनच्या पोटाखाली असतं. इंजिनाला हात लावायचा तर अख्खी केबिन पुढे झुकवावी लागते. त्यासाठी बाजूला हातपंप असतो, खाली हायड्रॉलिक जॅक असतो. आणि आपल्या नमुन्यातली केबिन उठत नाही. दांडा मारून मारून माणूस घामाघूम, केबिन जागच्या जागी.

एवढीच गोष्ट. पण तिच्या मागे गेलो की वऱ्हाडचा कापूस लागतो, दुसरं महायुद्ध लागतं, आपली हापशी लागते आणि थोडं न्यायदर्शनही लागतं. क्रमानं जाऊ.

प्रेसपासून सुरुवात

ब्लेझ पास्काल १६६२ मध्ये वारला. द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ पुढच्या वर्षी छापून निघाला. त्यातलं तत्त्व शाळेत सगळ्यांनी घोकलेलं असतं: बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. म्हणजे बारीक नळीत थोडं बळ लावलं, की जाड नळकांड्यात मोठं बळ मिळतं. तत्त्व कळलं, पण त्याचं कामाचं यंत्र व्हायला जवळजवळ एकशे तीस वर्षं लागली. लंडनच्या जोसेफ ब्रामानं हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं ते १७९५ साली.

मधली एवढी वर्षं का गेली? एक कारण अगदी साधं आहे. दाब वाढला की पाणी दट्ट्याच्या कडेनं निसटायचं. फट घट्ट बुजवावी तर दट्ट्या हलत नाही, सैल ठेवावी तर दाब टिकत नाही. ब्रामाच्या कारखान्यात हेन्री मॉड्स्ले नावाचा कारागीर होता. या अडचणीवरचा उपाय त्याचाच, असं मानलं जातं. त्यानं चामड्याची वाटीसारखी कड बसवली. वाटीचं तोंड दाबाच्या बाजूला. दाब वाढला की वाटीची कड आपोआप फाकते आणि भिंतीला अधिक घट्ट चिकटते. दाब उतरला की सैल पडते. जे पाणी निसटायला बघतं, तेच आपली वाट बंद करतं! विचार म्हणून हे किती सुंदर आहे बघा.

आता हे लंडनचं यंत्र आपल्याकडे कसं आलं? १८५३ च्या तहानं वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावच्या रेल्वे फाट्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. कापूस हलका, पण जागा फार खातो. बोटीत हवा भरून पाठवणं कोणाला परवडणार? म्हणून दाबून गाठी बांधायच्या. त्यासाठी प्रेस आला आणि वऱ्हाडात गावोगाव जिन-प्रेस उभे राहिले. पूर्वीची ३९२ पौंडांची गाठ आणि आजची १७० किलोची गाठ ही त्याच दाबाची संतती आहे.

त्या काळी आपल्या भागाला वणी जिल्हा म्हणत. १९०५ मध्ये पुनर्रचना होऊन यवतमाळ जिल्हा झाला. त्याच सुमाराची यवतमाळ–मूर्तिजापूर ही अरुंद मापाची रेल्वे, आपली शकुंतला. ती कापसासाठीच. तिला १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन ओढत होतं. म्हणजे ज्या यंत्राचं वय जगात संपलं आहे, ते यंत्र आपल्याकडे कोणीतरी दुरुस्त करत, जपत, पुढे चालवत होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याला पुन्हा लागणार आहे.

'डिस्पोजल' हा शब्द

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा हिंदुस्थानात लष्करी सामानाचे डोंगर उभे होते. एकट्या कॅनडानं युद्धकाळात आठ लाखांहून अधिक लष्करी वाहनं बनवली होती. त्यातली पुष्कळ इकडे आली होती. अमेरिकन ट्रक होते, जीप होत्या. हे सगळं परत नेणं म्हणजे नवं बनवण्याइतकंच खर्चाचं. १९४६ मध्ये अमेरिकेनं इथलं उरलेलं सामान हिंदुस्थान सरकारच्या हवाली करण्याचा करार केला. सामान विकण्यासाठी सरकारनं डिस्पोजलचं खातं उघडलं. 'डिस्पोजल' हा शब्द मराठीत शिरला तो असा. बूट डिस्पोजलचे, तंबू डिस्पोजलचे, ट्रक डिस्पोजलचा.

स्वातंत्र्यानंतर आपण स्वतः लष्करी ट्रक बनवू लागलो. जर्मनीच्या मान कंपनीशी १९५८ साली करार झाला आणि जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत 'शक्तिमान' तयार होऊ लागला. जबलपूर आपल्याला परकं नव्हतं. १९५६ पर्यंत यवतमाळ आणि जबलपूर एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. शक्तिमानला पुढे नाक होतं. बॉनेट उघडा, इंजिन समोर. मेकॅनिकनं बंपरवर पाय दिला की झालं.

पुढे सपाट तोंडाचे ट्रक आले. केबिन इंजिनावर बसवली की तेवढ्याच लांबीत माल जास्त मावतो, ड्रायव्हरला समोरचं जवळून दिसतं. लष्करात १९८६ मध्ये बीईएमएलनं झेकोस्लोव्हाकियाच्या टाट्रा गाड्यांचा करार केला, त्या याच जातीच्या. पण बॉनेट गेलं आणि इंजिन केबिनखाली झाकलं गेलं. केबिन वजनदार, दोन माणसांनी उचलण्यासारखी नाही. म्हणून हातपंप आणि जॅक. म्हणजे ब्रामाचा प्रेस फिरून आला, या वेळी कापूस दाबायला नव्हे, केबिन उचलायला.

आता मुद्द्याचं ऐका. लष्करात त्या ट्रकच्या बरोबर काय काय असतं? दुरुस्तीची पुस्तकं असतात, ठरलेलं ऑईल असतं, सुट्या भागांचे नंबर असतात आणि ईएमई, म्हणजे १९४३ साली उभं राहिलेलं यांत्रिकी दल, त्याचे शिकवून तयार केलेले जवान असतात. लिलावात ट्रक विकला जातो. पुस्तक विकलं जात नाही, जवान विकला जात नाही. वस्तू बाहेर येते आणि तिच्याबद्दलचं ज्ञान छावणीच्या फाटकाच्या आत राहतं. पुढे जे होतं ते सगळं या एका गोष्टीमुळे होतं.

आत काय आहे?

वणीकडच्या एका गॅरेजात असा ट्रक आम्ही पाहिला. मालक आमचा जुना विद्यार्थी. तर्कशास्त्रात जेमतेम पास झाला होता, पण हातात कसब. तो म्हणाला, "सर, दांडा तं मारूनच राहिलो, पन केबिन काही उठून नाही राहिली." त्याच्याशी झालेल्या बोलण्यातून जे कळलं, ते तुमच्यासाठी नीट मांडतो.

रचना अशी. ऑईलची छोटी टाकी आणि पंप बहुधा एकातच असतात. पंपात बारीक दट्ट्या. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेरी वाल्व्ह, साधारण छर्रा आणि त्याची बैठक. एक ऑईल आत घेतो, दुसरा पुढे सोडतो, परत येऊ देत नाही. मग एक लिव्हर: वर की खाली, हे ठरवणारी. तिथून दोन होज पाइप जॅकच्या दोन टोकांना. जॅक खाली चेसिसवर, वर केबिनला. केबिनची बिजागरी पुढे, कुलूप म्हणजे लॉक मागे.

हिशेब करून बघू. समजा पंपाचा दट्ट्या १२ मिलिमीटर व्यासाचा आणि जॅकचा ४८ चा. व्यास चौपट, म्हणून क्षेत्रफळ सोळापट. दांड्याची तरफ दहापट धरा. हातानं २० किलोचा जोर लावला तर दट्ट्यावर २०० आणि जॅकवर ३,२०० किलो. चमत्कार वाटतो. पण फुकट काहीच नाही. दट्ट्या २५ मिलिमीटर गेला तर जॅक दीड मिलिमीटरच्या किंचित वर सरकतो. जॅक ४०० मिलिमीटर उघडायचा तर अडीचशेहून जास्त वेळा दांडा मारावा लागेल. आणि एका हातात ऑईल किती जातं? तीन मिलिलीटरसुद्धा नाही. म्हणून ऑईलमध्ये हवेचे चार बुडबुडे असले तरी कितीतरी हात वाया जातात. ऑईल दबत नाही, हवा दबते. माणसाला वाटतं पंप गेला. पंप बिचारा हवा दाबत बसलेला असतो.

निदान म्हणजे अनुमान

न्यायदर्शनात डोंगरावरचा धूर आणि अग्नी यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. धूर दिसला, म्हणून अग्नी असणार. पण उलट चालत नाही. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही. लाकूड ओलं असेल तरच धूर होईल. या लपलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. आपल्या गॅरेजांत होणारी निम्मी चूक उपाधीची असते. "केबिन उठत नाही, म्हणजे पंप खराब." का? पंप खराब असेल तर केबिन उठत नाही हे खरं. पण केबिन न उठण्याला पंपाखेरीज दहा कारणं आहेत.

वात्स्यायनानं न्यायभाष्यात 'शेषवत्' अनुमानाचा एक अर्थ सांगितला आहे तो असा: जे जे शक्य आहे ते मांडा, एकेक वगळत जा, जे उरेल ते घ्या. मेकॅनिकची हीच पद्धत. आणि वगळण्याची सुरुवात कुठून करायची? स्वस्त आणि सोप्या कारणापासून.

पहिला प्रश्न हाताला विचारायचा: दांडा कसा लागतो? मऊ की दगडासारखा?

दांडा मऊ लागतो, जोरच येत नाही, तर ऑईल बघा. तेही केबिन खाली असताना. केबिन वर असताना टाकी भरली तर जॅक मिटताना परत आलेलं ऑईल टाकीबाहेर येतं. ऑईल ठीक, तर लिव्हर पूर्ण 'वर'च्या जागी गेली आहे का बघा. अर्धवट लिव्हरीत ऑईल फिरून टाकीतच जातं. तेही ठीक, तर हवा, टाकीच्या तळाची चोंदलेली जाळी, छर्र्याखाली अडकलेला कचरा, या क्रमानं.

दांडा दगडासारखा लागतो, तर दाब तयार होतोय, म्हणजे पंप बहुधा निर्दोष आहे. मग मागचं लॉक खरंच सुटलं का? एका बाजूचं सुटलं आणि दुसऱ्या बाजूचं गंजून धरून राहिलं, असं होतं. बिजागरी जाम आहे का? होज बाहेरून चांगला दिसतो, पण आतलं रबर सुटून वाट बंद झाली आहे का? इथे आपला माणूस काय करतो? दांड्याला लांब पाइप जोडतो आणि लटकतो. आता हिशेब आठवा. हातातले २० किलो जॅकवर ३,२०० होतात. तुम्ही तरफ दुप्पट केली की काहीतरी तुटणारच. केबिन, लॉक किंवा होज. दगडासारखा लागणारा दांडा म्हणजे यंत्र 'थांब' म्हणतंय.

तिसरा प्रकार अवघड. केबिन उठते, पण हळूहळू बसते. आता ऑईल मागे झिरपतंय हे नक्की. कुठून? पंपातल्या वाल्व्हमधून, की जॅकच्या आतल्या सीलवरून? बाहेर ऑईलचा थेंब नाही. दोन्ही शक्य. इथे अंदाजानं जॅक उघडणं म्हणजे हजारो रुपये आणि दोन दिवस. त्याऐवजी केबिन पूर्ण खाली घ्या, लॉक लावा, दाब सोडा. वर नेणारा होज पंपापासून सोडवा. पंपाच्या त्या तोंडावर दाबाचं मीटर आणि तेवढा दाब पेलणारं बूच बसवा. आता हलक्या हातानं पंप मारा. काटा चढला आणि टिकला, तर पंप निर्दोष, दोष जॅककडे. काटा चढून उतरला, तर जॅकला हात लावू नका, दोष पंपात. एका चाचणीत निम्मं जग वगळलं. अन्वय आणि व्यतिरेक याहून वेगळे काय असतात?

आमच्या विद्यार्थ्याच्या ट्रकमध्ये काटा टिकला. जॅक उघडला तर सील फुगून लिबलिबीत झालेलं. कारणही मिळालं. आधी कोणीतरी टाकीत ब्रेक ऑईल ओतलं होतं. दोन्ही 'ऑईल'च म्हणतात ना आपल्याकडे! पण साधं ब्रेक ऑईल ग्लायकॉलच्या जातीचं आणि हायड्रॉलिक ऑईल खनिज तेलाचं. ज्या रबराला एक मानवतं त्याला दुसरं मानवत नाही. एका शब्दानं दोन वस्तू झाकल्या आणि सील गेलं. भाषेतला गोंधळ असा खर्चात पडतो.

या रिंगेचाही इतिहास आहे. नील्स क्रिस्टेन्सन हा डेन्मार्कमध्ये जन्मलेला आणि अमेरिकेत स्थायिक झालेला यंत्रज्ञ. गोल रबरी रिंग, आपण जिला ओ-रिंग म्हणतो, तिचं पेटंट त्याला १९३९ मध्ये मिळालं. तेव्हा त्यानं सत्तरी ओलांडली होती. आमच्या वयाच्या श्रोत्यांनी हे लक्षात घ्यावं! युद्ध आलं आणि अमेरिकन सरकारनं ते तंत्र आपल्या हाती घेऊन कारखान्यांना खुलं केलं. मॉड्स्लेच्या चामडी वाटीचं काम रबराच्या रिंगेकडे गेलं. वाटी गेली, दाबानंच फट बुजवायची हा विचार राहिला.

हापशीचा धडा

आता तुम्ही म्हणाल, हे ज्ञान गावात टिकायचं कसं? याचं एक उत्तर महाराष्ट्रानंच दिलेलं आहे. दुष्काळाच्या काळात खेडोपाडी बोअर मारले गेले. वर बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप मात्र घरगुती वापराच्या बेताचे होते. दिवसभर अख्खं गाव हापसायला लागलं की मोडायचे. जालना आणि सोलापूर भागात काम करणाऱ्या मंडळींनी ते सुधारून मजबूत पंप बनवले. सोलापूरच्या पंपाच्या कल्पनेवरून पुढे युनिसेफच्या साहाय्यानं १९७० च्या दशकात 'इंडिया मार्क टू' तयार झाला. तीच आपली हापशी. आत काय? दट्ट्या, वाल्व्ह आणि चामड्याची वाटी, म्हणजे बकेट वायसर. मॉड्स्लेचीच!

पण मार्क टू मध्ये एक अडचण राहिली. वायसर झिजला तर सगळे पाइप वर काढायला तालुक्याहून गाडी आणि माणसं यायची. तोवर गाव कोरडं. म्हणून पुढचा 'मार्क थ्री' असा रचला, की गावातल्याच माणसांना मोजक्या पान्यांनी दट्ट्या वर काढता यावा. चामड्याच्या जागी नायट्राइल रबर आलं. या बदलात आम्हाला मोठं तत्त्वज्ञान दिसतं. यंत्र बनवताना विचारलं गेलं: हे बिघडेल तेव्हा त्याच्याजवळ कोण असेल? लष्करी ट्रक बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जवान असतो. वणीचा पोरगा नसतो. ही त्याची चूक नाही. पण ट्रक वणीला आला की ती पोरगी-पोरं आपली जबाबदारी होतात.

कारण हा प्रश्न पैशाचा नाही, जिवाचा आहे. उठलेल्या केबिनखाली माणूस वाकतो तेव्हा त्याच्या डोक्यावरचं वजन कोणी धरलेलं असतं? बोटभर रबराच्या रिंगेनं. जोवर सेफ्टी रॉड लावलेला नाही, तोवर हायड्रॉलिकवर उभी असलेली केबिन ही पडत असलेलीच केबिन समजायची. फक्त ती किती वेगानं पडते आहे हे दिसत नाही. केबिन अर्ध्यात सोडून आत हात घालायचा नाही. तोल ओलांडला की ती स्वतःच्या वजनानं पुढे जाते, म्हणून समोर कोणी उभं राहायचं नाही आणि केबिनमध्ये सुटा पाना, बाटली ठेवायची नाही. होजमधून बारीक फवारा येत असेल तर कुठून येतो हे उघड्या बोटानं चाचपायचं नाही. तो फवारा कातडीतून आत घुसतो. पुठ्ठ्याचा तुकडा धरा, डाग कुठे पडतो बघा. हे सगळं त्या लष्करी पुस्तकात असणारच. आपल्याकडे पुस्तक आलं नाही, म्हणून नियम तोंडीच पोचवावे लागतात.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात गिल्बर्ट राइलनं १९४९ साली 'माहीत असणं' आणि 'करता येणं' यांतला भेद मांडला. तो बरोबरच आहे. पण वात्स्यायनाचं म्हणणं आम्हाला अधिक जवळचं वाटतं. ज्ञान खरं की खोटं हे कशावरून ठरवायचं? त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती फळली का, यावरून. त्याला तो प्रवृत्तिसामर्थ्य म्हणतो. मीटरचा काटा टिकतो, नवं सील बसतं, केबिन उठते आणि रात्रभर रॉडवर न टेकता उभी राहते, तेव्हा गॅरेजमधलं अनुमान प्रमाण ठरतं. वातानुकूलित सभागृहातल्या आमच्या कितीतरी अनुमानांना अशी परीक्षा कधी द्यावीच लागली नाही.

वऱ्हाडानं दीडशे वर्षं दुसऱ्यांची यंत्रं वापरली. प्रेस इंग्रजांचा, शकुंतला ब्रिटिश कंपनीची, ट्रक लष्कराचा. यंत्रं विकत आली, त्यांच्या बिघाडांचं ज्ञान इथल्या लोकांनी फुकटात आणि फार महागात, दोन्ही प्रकारे मिळवलं. ते कुठे लिहून ठेवलेलं नाही. जिनातला फिटर गेला की त्याच्याबरोबर जातं. तुमच्या गावात असा कोणी असेल तर त्याच्याजवळ बसा. त्यानं काय दुरुस्त केलं हे विचाराच, पण ते कशावरून ओळखलं हेही विचारा, आणि त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. 'काहून' हा प्रश्न त्याच्याइतका दुसऱ्या कोणी गंभीरपणे घेतलेला नसतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.